उभ्या गाडीची बॅटरी

मार्च २०१९ मधला पहिला शनिवार. तांदूळ, कुकर, कांदा-लसूण मसाल्याची बरणी, दोन रजया असं सगळं भरून मी आणि नवरा मोटरहोममध्ये पुढच्या सीटवर बसलो. यॉर्कशरमध्ये सलग चार दिवस ऊन पडलं होतं, आणि हिवाळाभर दारात उभी असलेली गाडी समुद्राकडे न्यायची असं ठरलं होतं. नवऱ्यानं किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक-टक-टक-टक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे पिवळे पडत विझले. हा आवाज मी चाळीस वर्षांनी ऐकत होते, पण ओळखायला क्षणही लागला नाही. बॅटरी उतरली होती.

"अगं, चार महिने चार्जिंगला लावलेली आहे गाडी," नवरा म्हणाला. खरंच लावलेली होती. घराच्या भिंतीतून निघालेली नारिंगी वायर आणि तिच्या टोकाचा निळा प्लग गाडीच्या कुशीत नोव्हेंबरपासून बसलेला होता. मागे वळून पाहिलं तर ओट्यावरचा दिवा लख्ख, पाण्याचा पंप खणखणीत, भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर १३.६ व्होल्ट. मागचं घर जागं आणि पुढचं इंजिन मेलेलं.

मोटरहोम म्हणजे व्हॅनच्या चासीवर बांधलेलं छोटं घर: पलंग, ओटा, फ्रिज, मोरी. आमचं इटलीत बनलेल्या फियाट डुकाटोवर उभं आहे. युरोपातली बरीचशी मोटरहोम त्याच व्हॅनवर बांधतात. घर आणि गाडी एका चासीवर असली तरी त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या असतात, आणि सगळी गोम इथेच आहे. पुढची बॅटरी इंजिन चालू करायला. मागची दिवे, पंप, पंखा यांच्यासाठी. दोन्ही शिशाच्याच, दोन्ही १२ व्होल्टच्या, पण जात निराळी. पुढचीच्या आत पातळ पातळ प्लेटा दाटीनं बसवलेल्या असतात, म्हणजे ती तीन सेकंदांसाठी तीनशे अँपिअरचा दणका देऊ शकते. मागचीच्या प्लेटा जाड. ती थोडं थोडं, पण रात्रभर देते. आमच्या सांगलीकडच्या माणसाला सांगायचं तर एक शर्यतीचा बैल, दुसरा औताचा. शर्यतीचा बैल औताला जुंपला, म्हणजे पुढच्या बॅटरीतून हळूहळू वीज काढत खोलवर उतरवली, तर तो लवकर संपतो.

आमच्या गाडीतला चार्जर फक्त मागच्या बॅटरीला जोडलेला होता. इंजिन चालू असताना एक रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि अल्टरनेटर दोघींना भरतो. इंजिन बंद झालं की रिले सुटतो, नाहीतर रात्री टीव्ही बघताना पुढची बॅटरीही रिकामी व्हायची. योजना चांगली आहे. पण तिचा अर्थ असा की भिंतीतून आलेली वीज पुढच्या बॅटरीपर्यंत पोहोचतच नव्हती. सगळ्या गाड्यांत असं नसतं. काही जर्मन गाड्यांच्या वीजपेटीतून पुढच्या बॅटरीलाही एक-दोन अँपिअरची धार मिळते, काही इंग्लिश गाड्यांत कोणती बॅटरी भरायची ते बटणानं ठरवता येतं. आमच्यात यांपैकी काहीच नव्हतं. गाडी विकणाऱ्यानं मात्र सांगितलं होतं, वायर लावून ठेवा, बाकी काही बघायला नको. मीही बघितलं नाही. बॅटरीवाल्याच्या मुलीनं बघायला हवं होतं, हे मला अजून लागून राहिलं आहे.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, दुकान मिरजेत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. 'बॅटरी चार्जिंग' एवढीच पाटी. आत सागवानी फळीवर बॅटऱ्यांची रांग, एकीच्या टर्मिनलवरून दुसरीच्या टर्मिनलला तारा, आणि टोकाला गुणगुणणारा रेक्टिफायर. सगळ्या बॅटऱ्या एका माळेत ओवून त्यातून बारीक करंट दिवस-रात्र सोडायचा, अशी ती पद्धत. बुचं उघडी असायची, आतून बुडबुड्यांचा आवाज यायचा. तो हायड्रोजन, म्हणून दुकानात बिडी ओढायला सक्त मनाई आणि मागची खिडकी थंडीतसुद्धा उघडी. ॲसिडच्या थेंबांनी अण्णांच्या प्रत्येक शर्टाला भोकं पडलेली असत. शाळेतून आले की मी हायड्रोमीटर धरायची: रबरी फुगा दाबायचा, काचेच्या नळीत पाणी ओढायचं, आतलं बोंड कुठवर तरंगतं ते मोठ्यानं वाचायचं. बाराशे पन्नास म्हणजे भरली. साडेअकराशे म्हणजे रिकामी. सहाच्या सहा घरांचे आकडे जुळले नाहीत तर अण्णा मान हलवायचे, आणि मला कळायचं की ही आता भंगारात जाणार.

गळिताचा हंगाम संपला की उसाच्या गाड्या महिनोन्‌महिने दारात उभ्या राहत. पुढच्या हंगामाच्या तोंडावर त्यांच्या बॅटऱ्या आमच्याकडे येत, आणि दर वर्षी मालक तेच म्हणत: "वापरलीच नाही हो, नुसती उभी होती." अण्णा दर वर्षी तेच उत्तर देत, "भाकड म्हशीला वैरण घालता का नाही?"

या वाक्यात किती रसायनशास्त्र आहे ते मला पुढे शिकताना कळलं. बॅटरीच्या एका प्लेटवर शिशाचा ऑक्साइड असतो, दुसरीवर भुसभुशीत शिसं, मध्ये सौम्य गंधकाम्ल. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पाण्याकडे झुकतं. हायड्रोमीटरचं बोंड खाली जातं ते यामुळेच. चार्ज केली की सल्फेट परत विरघळतं. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही पुन्हा भरता येणारी बॅटरी केली, आणि आतला हा देवघेवीचा व्यवहार आजही तोच आहे. मात्र त्याला मुदत आहे. ताजं सल्फेट बारीक आणि मऊ असतं, लगेच परत जातं. तेच आठवडे-महिने प्लेटवर पडून राहिलं तर त्याचे मोठे, कठीण खडे बनतात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद. म्हणून अर्धवट भरलेली बॅटरी ठेवून देणं म्हणजे ती रोज थोडी थोडी मारणं. आराम मिळतो तो फक्त पूर्ण भरलेल्या बॅटरीला.

आमचीही तशीच मेली. डुकाटोची पुढची बॅटरी बॉनेटखाली नसते, डावीकडच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागी, फरशीखाली असते. झाकण काढून मीटर लावला: १०.४ व्होल्ट. दोन दिवस चार्जरवर ठेवली, चार्जरनं हिरवा दिवा दाखवला, आणि बारा तासांनी ती १२.३ वर येऊन बसली. सेल मारला की नऊवर कोसळायची. अण्णा असते तर त्यांनी मान हलवली असती. नवी बॅटरी घेतली, जुनी शिसं गोळा करणाऱ्या केंद्रावर दिली, आणि त्याच संध्याकाळी मी वही काढून बसले. उभी गाडी वीज खाते कुठे, ते मला आकड्यात हवं होतं.

मीटर अँपिअरच्या खाचेत लावून तो बॅटरीचं ऋण टोक आणि त्याची निघालेली वायर यांच्यामध्ये धरायचा. दार उघडं असेल तर आकडा दोन-तीन अँपिअर दिसतो आणि माणूस घाबरतो. दार बंद करून अर्धा तास थांबायचं, गाडीतले छोटे संगणक एकेक करून झोपी जातात, मग खरा आकडा दिसतो. मीटर मध्ये असताना किल्ली मात्र चुकूनही फिरवायची नाही, मीटर जळतो. आमचा आकडा आला ४५ मिलिअँपिअर. अलार्म, चोरीविरोधी ट्रॅकर, रेडिओची स्मृती, सेंट्रल लॉकचा कान. हा आकडा अगदी सर्वसामान्य आहे, बिघाड नाही. पण गुणाकार करून पाहा. दिवसाला १.०८ अँपिअर-तास. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ११० दिवस, म्हणजे सुमारे ११९ अँपिअर-तास. आमची बॅटरी होती ९५ ची.

आणखी एक हिशेब मी मुद्दाम केला, कारण लोकांची समजूत उलटी असते. इंजिन चालू करताना तीनशे अँपिअर तीन सेकंद, म्हणजे अवघा पाव अँपिअर-तास. तेवढीच वीज तो अलार्म आणि ट्रॅकर साडेपाच तासांत पितात. बॅटरीला स्टार्ट मारणं रिकामी करत नाही. तिला रिकामी करतं ते हे न दिसणारं ठिबकणं.

यावर इथले बहुतेक लोक सांगतात, पंधरवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. मला हा सल्ला ऐकला की वाईट वाटतं, कारण देणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. थंड डिझेल इंजिन जागच्या जागी दहा मिनिटं चालवलं तर ग्लो प्लग, पंखा, दिवे यांतून उरलेली जी थोडी वीज बॅटरीत जाते ती आठवड्याचं ठिबकणंही भरून काढत नाही, आणि काजळी गाळणारा फिल्टर मात्र तुंबतो. शिशाच्या बॅटरीचा स्वभावच असा आहे की ऐंशी टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास लावते. कितीही मोठा अल्टरनेटर असला तरी तो तिला घाई करू शकत नाही. दोन तासांची फेरी मारली तर मोठा आधार होतो, पण ती पूर्ण भरत नाही. त्यात इथे हिवाळ्यासाठी बरेच जण गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवून रस्ता-कर वाचवतात. त्यांना ही फेरी मारायची परवानगीच नसते.

वायर काढून ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. आधी ऋण टोक काढायचं, जोडताना ऋण सगळ्यांत शेवटी, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. गॅरेजमध्ये ठेवलेल्या साध्या गाडीसाठी हे उत्तम. आम्हाला ते चालणारं नव्हतं, कारण विम्याची अटच होती की ट्रॅकर आणि अलार्म कायम चालू हवेत. ज्यांची अशी अट असते त्यांच्या गाडीला वर्षभर वैरण घालावीच लागते.

छतावर शंभर वॉटचं सोलर पॅनल होतं. नवऱ्याचा त्यावर फार भरवसा. उन्हाळ्यात तो योग्यही ठरतो; जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. पण लीड्सला २१ डिसेंबरच्या दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर येतो, दिवस साडेसात तासांच्या आत आटोपतो, आणि आडव्या पॅनलवर ते ऊन तिरकं घसरून जातं. माझ्या हिशेबानं डिसेंबरच्या बऱ्या दिवशी दोन-अडीच अँपिअर-तास. पानं साचली, बर्फ पडला की शून्य. आणि तेही आमच्या गाडीत फक्त मागच्या बॅटरीला जात होतं! मिरजेच्या उन्हात हेच पॅनल डिसेंबरमध्येही कित्येक पट देईल.

शेवटी आम्ही बसवली ती काडेपेटीहून थोडी मोठी, साधीशी पेटी. ती दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये बसते आणि त्यांचे व्होल्ट बघत राहते. चार्जरमुळे किंवा उन्हामुळे मागची बॅटरी वर चढली आणि पुढची खाली राहिली, की ती मागून पुढे एक-दोन अँपिअरची वाट उघडते. उलट दिशेनं कधीच नाही. दोन्ही टोकांना, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज हवाच. मध्ये पत्र्यावर घासून तार उघडी पडली तर शिशाची बॅटरी तार लाल करायला मागेपुढे बघत नाही. पेटी लावली त्या दिवसापासून भिंतीतली वीज पुढच्या बॅटरीपर्यंत जाते. नोव्हेंबरमध्ये गाडी उभी करताना मी आधी पुढची बॅटरी वेगळ्या स्वयंचलित चार्जरवर एक रात्र ठेवते. तो आधी साडेचौदा व्होल्टांच्या आसपास नेऊन ती काठोकाठ भरतो आणि मग साडेतेरावर उतरून नुसती राखण करतो. अण्णांच्या काळातला साधा चार्जर असा महिनाभर लावून ठेवला असता तर बॅटरीतलं पाणी बुडबुड्यांवाटे उडून गेलं असतं. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या आमच्या दुकानात उगीच नव्हत्या.

थंडीचं एक सांगायला हवं, कारण इथे ते जिवावर बेततं. शून्य अंशाला चांगली बॅटरीही आपल्या ताकदीच्या साधारण ऐंशी टक्केच देते, आणि त्याच वेळी घट्ट झालेलं तेल इंजिन जड करतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासच्याही खाली गोठतं. रिकाम्या बॅटरीत राहतं ते जवळजवळ पाणी, ते उणे सात-आठलाच गोठू शकतं आणि पेटी फुटते. गोठलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. आधी ती घरात आणून पूर्ण वितळू द्यावी, फुगलेली किंवा चिरलेली दिसली तर हातही लावू नये.

आता दर रविवारी चहाआधी मी पुढचा आकडा वहीत लिहिते. ती मोजणी कशी करायची ते नीट सांगते, कारण यात फसगत होते. चार्जरवरून उतरवल्यावर किंवा गाडी चालवून आल्यावर लगेच मोजलं तर १३ च्या वरचा खोटा आकडा दिसतो. रात्रभर तिला एकटी सोडायची आणि सकाळी, दार उघडायच्या आत मोजायचं. माझ्या बॅटरीजवळून एक बारीक तार मी फ्यूज लावून बाहेर काढली आहे ती यासाठीच. १२.६ ते १२.८, पूर्ण. १२.४, पाऊण. १२.२, निम्मी. १२ म्हणजे पाव उरली. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणून खूश होणारी किती माणसं मी अण्णांच्या काउंटरवर पाहिली आहेत. खालच्या दिशेनं चाललेला एकेक दशांश माझ्यासाठी महत्त्वाचा असतो. १२.५ खाली उतरलं की मी थांबत नाही.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "आत्या, गाडी सेल घेत नाही गं. आठवडाभर तळघरातच उभी होती." त्याचं ऑफिस आता घरूनच चालतं, गाडी शनिवारी बाहेर पडते, तीही डेक्कनपर्यंत. थंडी तर नव्हतीच. पण उष्णता बॅटरीला थंडीइतकीच, किंबहुना जास्त छळते: तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आपोआप उतरणं साधारण दुप्पट होतं, आणि प्लेटांची झीजही वाढते. मी त्याला मीटर आणायला लावला. १२.०५. मग विचारलं, नवीन काय बसवलं आहेस? बराच वेळ आठवून तो म्हणाला, काचेवरचा कॅमेरा, गाडी उभी असतानाही चालणारा.

सोसायटीच्या तळघरात प्लग नाही. तेव्हा त्यानं बॅटरी काढली, आधी ऋण, मग धन, ती सरळ धरून लिफ्टनं वर आणली आणि गॅलरीत उघड्या हवेत चार्जरवर लावली. फोनवर मी त्याला प्रत्येक पायरी विचारून घेत होते. रात्रभर चार्जिंग, मग एक पूर्ण दिवस नुसती ठेवणं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोटो पाठवला: १२.६८. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मोजायला लावली. १२.६६. धरते आहे. मी लगेच फोन केला आणि त्याला सांगितलं की बॅटरी आज बसव, पण त्याआधी कॅमेऱ्याची ती वायर शोध आणि किल्ली काढली की बंद होणाऱ्या फ्यूजवर घे.